एकोणीस ते बावीस

बोटावर चुना घेतला होता, पान अजून हातात यायचं होतं, तेवढ्यात मागून कुणीतरी "गिरदावरसाब" अशी हाक मारली. बिदरच्या चौबाऱ्यापाशी बाजाराच्या दिवशी अशा हाका खूप येतात. पटवाऱ्यांची दप्तरं तपासत गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला सगळा तालुका ओळखतो आणि त्याला मात्र कुणाचं नाव आठवत नाही, म्हणून मी आधी हसून घेतो आणि मग वळतो. तसाच वळलो. डोक्यावर बुट्टी, बुट्टीत मेथीच्या जुड्या आणि हरभऱ्याची डहाळी, कपाळावर विभूतीचे पट्टे. "वळखलाव का न्हाई साब? म्या भागम्मा. निंबूरवाडीच्या हावगेप्पाची सून." मी म्हणालो, "वळखलो की." या वेळी खरंच ओळखलं होतं. "उद्या येळवस हाय," ती म्हणाली. "औंदा तरी रानात जेवाय या. तुमच्यामुळं रान माघारी मिळालं आन् तुमी एक डाव बी आला न्हाईत. गेल्या साली पांडव बी तुमच्याच दगडाचं केलाव बघा. आमच्या काळ्या रानात दगुड कुठला गावायलाय? तुमी चुना लावून तयारच ठिवल्यालं. लई बरं झालं." मी म्हणालो, "बरं झालं." मग "येतो उद्या" असंही म्हणालो. ती बुट्टी सावरत गर्दीत गेली. पानवाला दोनदा "साब, पान" म्हणाला, तेव्हा बोटावरचा चुना वाळून कातडी ओढायला लागला होता. मी पान न घेताच निघालो आणि चार दुकानं पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ते बोट इतरांपासून लांब धरून चाललो आहे.

बरं झालं. काय बरं झालं? त्या दगडांच्या अलीकडे अठरा एकर रान होतं आणि पलीकडे चार एकर. अलीकडे नांगरायचं, पेरायचं, जेवायचं. पलीकडे पाऊल टाकायचं नाही. पलीकडच्या मातीत न फुटलेले गोळे होते. निजामाच्या फौजेनं जर्मन लढाईच्या दिवसांत हावगेप्पाचं रान चांदमारीसाठी घेतलं. तिथे छोट्या तोफांचा सराव चालायचा. दहा गोळे टाकले की एखाददुसरा न फुटताच चिखलात रुतायचा आणि तसाच राहायचा. आठ वर्षं असं चाललं. मग पोलीस ॲक्शन झाली, ती फौज गेली, दुसरी आली, आणि रान ज्याचं त्याला द्या असा हुकूम निघाला. त्याआधी ते साफ करायचं होतं. हिंदुस्थानी पलटणीतला एक हवालदार चार शिपाई घेऊन आला, महिनाभर माती चाळल्यासारखी चाळली आणि साठावर गोळे काढून ओढ्यात उडवले. पलटणीसोबत कचेरीचा माणूस म्हणून मी होतो. कुठली जमीन बेधोक आणि कुठली नाही हे जमिनीवर दिसेल असं दाखवून देणं हे माझं काम. मी दाखवून दिलं होतं. बावीस दगड, प्रत्येक दगड तीस पावलांवर, गाडीवाटेपासून ओढ्यापर्यंत. आणि ती बाई मला सांगत होती की त्यांतले काही दगड तिनं देव म्हणून उचलून नेले.

कचेरीत जाऊन सांगायला हवं होतं. मी कचेरीच्या फाटकापर्यंत गेलोही. आत दिवा होता, पेशकार अजून बसलेले होते. सांगितलं तर फाईल निघेल, फाईल निघाली की नकाशा निघेल, आणि नकाशावर माझी सही आहे. मी फाटकाच्या गजाला बोट पुसलं आणि घरी गेलो. सत्यभामाबाईंनी, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं, "जेवायलाव न्हवं?" मी जेवलो. माणूस कशाहीनंतर जेवू शकतो. उद्या जाऊ, दगड परत जागेवर ठेवू, कुणाला काही कळायचं नाही, असा मी हिशेब केला आणि तो मला चक्क पटला. माझी मला तेव्हा लाज वाटली नाही, ती दुसऱ्या दिवशी वाटली आणि अजून वाटते.

सकाळच्या हुमनाबादच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो. येळवसेला बस रिकामी असते, कारण त्या दिवशी आमच्या भागात घरांना कुलपं लागतात आणि चुली शेतात पेटतात. मार्गशीर्षातली अमावस्या. ज्वारी कमरेपर्यंत आलेली, हरभरा घाट्यावर, आणि जिकडे बघावं तिकडे कडब्याच्या पेंढ्यांच्या कोप्या. कोपीत पाच दगड, चुन्यानं पांढरे केलेले, हळदकुंकू लावलेले, ते पांडव. त्यांच्यापुढे भज्जी, आंबील, उंडे. गोवऱ्यांवर मडक्यात दूध उतू जाऊ देतात आणि ते ज्या बाजूला सांडेल त्यावरून पुढच्या सालाचं भाकीत करतात. हे मी दुसऱ्या कुणाला सांगत असल्यासारखं मनात म्हणत होतो. पण सांगायचं कुणाला? हे मला कुणी शिकवलेलं नाही, हे मी केलेलं आहे. उमरग्याकडच्या आमच्या गावात पांडवांचे दगड आणायचं काम माझं होतं. आई, राजूबाई, ओढ्याच्या काठावर पदर खोचून उभी राहायची आणि मी एकेक दगड दाखवायचा. "ह्यो न्हाई, ह्यो लवंडतोय. बूड बघ की रं. उभा ऱ्हाईल असा बघ." मग मी दगडाचं बूड तळहातावर घेऊन बघायला शिकलो. खाली रुंद, वर निमुळता, साधारण दुधी भोपळ्याएवढा. हात भरला की कळायचं. आई म्हणायची, "हां, ह्यो बसतोय."

हळ्ळीखेड यायच्या आधी कुठेतरी मला ते दिसलं. आठवलं नाही, दिसलं. निंबूरवाडीपासून सात कोसांवरच्या नदीत मी वाकलो आहे, डोक्यावर हॅट आहे, खिशात कचेरीची पेन्सिल आहे, आणि मी दगड तळहातावर घेऊन त्याचं बूड बघतो आहे. हवालदार काठावरून म्हणतो, "बाबूजी, पत्थर है, कोई भी उठा लो." आणि मी हसून म्हणतो, "उभा राहायला पाहिजे ना." हात भरेपर्यंत मी एकेक दगड परत पाण्यात टाकत होतो. बावीस दगड मी तसे निवडले. बावीसच्या बावीस पांडव निवडले, त्यांना चुना लावला, आणि जिथे सहा कोसांत धोंडा मिळत नाही अशा काळ्या रानात ओळीनं उभे करून आलो. माझ्या डोक्याला हे कळलं नव्हतं, हातांना मात्र पहिल्यापासून ठाऊक होतं. बस खड्ड्यात गेली, माझं कपाळ खिडकीच्या लोखंडावर आपटलं. समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "लागलं काय?" मी "न्हाई" म्हणालो. लागलेलं होतं.

मुळात दगडांची अक्कल माझीच. हवालदारानं आधी बांबूला लाल कापडं बांधली होती. आठ दिवसांत निम्मी कापडं गेली. गावात गेलो तर एका झोळीतल्या तान्ह्या पोराच्या डोक्याला धोक्याच्या निशाणाची कुंची. बाई हसत होती, पोरही हसत होतं. हवालदार चिडला, मला मात्र मजा वाटली. मी अधिकाऱ्यांना सांगितलं, कापड कुणीही नेईल, दगड कोण नेणार? पांढरे दगड मांडू. अधिकारी माझ्यावर खूश झाले. पुढे सहा महिने मी ही गोष्ट चारचौघांत सांगत होतो, कुंचीसकट. इतका शहाणा मी.

हळ्ळीखेडला उतरून निंबूरवाडीची वाट धरली. दीड कोस. दोन्ही बाजूंच्या कोप्यांतून माणसं हाका मारत होती, कारण येळवसेला वाटसरूला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मी हात जोडत चाललो. पायाखाली गाडीवाट होती, टणक, शंभर वर्षं वापरलेली, तरी मी खाली बघूनच चालत होतो. दगड नेले तर कुठले नेले? पहिल्या अठरांतले नेले असतील तर चिंता नव्हती. त्यांच्या जागा हवालदारानं दाखवलेल्या, साखळीनं मोजलेल्या. मी डोळे मिटूनही पुन्हा लावू शकलो असतो. चिंता शेवटच्या चारांची होती. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. ओढ्याकडचा तो तुकडा बघायचा राहिला होता तेव्हा पलटणीला तार आली आणि हवालदार त्याच दुपारी सामान आवरायला लागला. जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. "उधर का देखना बाकी है. कल-परसों दूसरी टोली आएगी. और एक बात याद रखिए बाबूजी, चीज को कभी मत हटाना, आदमी को हटाना." दुसरी टोळी आली नाही. मी पंधरा दिवस वाट बघितली. कचेरीतून रोज विचारणा, हावगेप्पा रोज येऊन काठी टेकून समोर बसायचा, नुसता बसायचा. आठ वर्षं त्याचं घर दुसऱ्यांच्या रानात राबत होतं. उन्हाळा होता. चार दगड उरलेले होते. सोळाव्या दिवशी मी अठराव्या दगडापाशी उभा राहिलो, ओढ्याकाठच्या बाभळीकडे बोट केलं, नजरेनं एक सरळ रेघ धरली आणि चारही दगड त्या रेघेवर ठेवून आलो. जमिनीत काय आहे ते कुणी बघितलेलं नव्हतं. रेघ सरळ आली होती, नकाशावर ती छान दिसत होती. खाली मी उर्दूत लिहिलं, निशानदेही मुकम्मल, म्हणजे खुणा करून पुऱ्या. मग सही. हे मी हवालदाराला कळवलं नाही, हावगेप्पाला सांगितलं नाही, सत्यभामाबाईंनासुद्धा नाही.

रान दिसलं आणि मी थांबलो. ज्वारी ओढ्यापर्यंत होती. एकसारखी, हिरवीगार, वाऱ्यावर डुलणारी, कुठे खंड नाही, पड नाही. गाडीवाटेकडून एक, दोन, तीन असे माझे दगड दिसत होते, चुना उडालेला, कडेनं गवत वाढलेलं. पुढे ज्वारीच्या ताटांत ते दिसेनासे होत होते. आणि रानाच्या पार पलीकडे, ओढ्याच्या अंगाला, कोपी होती. वीस-पंचवीस माणसं. बायकांची लुगडी, बैल, गाडी, कुणीतरी हसत होतं. मी काहीही करण्याआधी शरणप्पा, भागम्माचा नवरा, पाऊलवाटेनं पळत आला आणि त्यानं माझा हातच धरला. "या साब, या. अप्पा सकाळपासून वाट बघायलाय." मी विचारलं, "कोपी तिकडं कामून घातलाव?" "ओढा जवळ हाय की. पाण्याला बरं. आन् दगडं गेल्यावर मोकळंच हाय ते, औंदा पेरून टाकलाव. लई भारी आलंय बघा, आठ-धा वर्सं पड होतं ना." मी त्याच्या मागून चाललो. त्याचं पाऊल उचललं की तिथेच माझं ठेवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे रान नांगरलं गेलं. पेरलं गेलं. तिफण फिरली, कोळपं फिरलं, पाखरं हाकायला माणसं उभी राहिली, आणि काही झालं नाही. ऐकून हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

कोपीच्या तोंडाशी हावगेप्पा बसला होता. त्याचे पाय दोन वर्षांपूर्वी म्हातारपणानं गेले, आता त्याला उचलून आणतात, उचलून नेतात. तो आत खांबाला पाठ टेकून होता आणि त्याच्या मांडीशी पांडव मांडलेले होते. पाच. पांढरे, हळदीकुंकवाचे, वर ज्वारीच्या कणसांची सावली. म्हाताऱ्यानं माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "आलाव? बसा. आता जेवूनच जावा." कोपीपासून चार हातांवर शरणप्पाची भावजय गोवऱ्या रचत होती, बाजूला दुधाचं मडकं. भागम्माची सहा वर्षांची पोरगी, बसव्वा, पांडवांपुढच्या भज्जीत बोट घालत होती आणि आजोबा तिचा हात नुसता बाजूला करत होते. मी बसलो नाही. भागम्माला म्हणालो, "अक्का, दगडं जिथनं काढलाव ती जागा दावता?" तिला नवल वाटलं, पण सरकारी माणसाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही, म्हणून ती उठली. ती पुढे, मी मागे. ज्वारीची पानं कमरेला घासत होती. ती मधेच थांबून वाकली, ताटं बाजूला केली आणि म्हणाली, "ह्यो बघा, हितं एक." मी दगडाखाली मुरूम टाकला होता, तो काळ्या मातीत अजून पिवळा दिसत होता. तीस पावलं. "हितं एक." पुन्हा तीस. "हितं." मग ओढ्याच्या काठाला, बाभळीच्या सरळ रेघेत, चौथा. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. नेमके तेच चार. आणि मागे वळून बघितलं तर कोपी त्या पिवळ्या ठिपक्यांच्या पलीकडे होती, चाळीस पावलं तरी आत.

आधी मनात हे आलं की चारही जागा सापडल्या, आता दगड आणून ठेवता येतील. असा मी. आणि मग मी मोजलं. मोजणं हा माझा धंदा आहे. "अक्का, चारच काढलाव?" "चारच की. बाकीची लांब होती, कोण आणावं." "कोपीत पाच हाईत." "व्हय. गेल्या साली पाचवी ईट बसवली होती. सासरा म्हणला, ईट कामून, पांडव कवा ईटंचा ऱ्हातोय व्हय. औंदा पेरताना तिफणीला लागून हे वर आलं. लोखंडाचं हाय, पर बूड मोडल्यालं हाय, झकास उभं ऱ्हातंय. गंज चढल्याला, इळ्यानं खरवडून खरवडून काढला, मंग कुठं चुना धरला. दोन हात दिलाव." ती हे सांगताना हातानं दाखवत होती, कसं धरलं, कसं खरवडलं. "पेरणीपासून घरीच हाय. चुलीम्होरं ठिवलं होतं, पोरगी त्येच्यावर बसून भाकर खायची."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिचे हात शाबूत होते, दोन्ही, बांगड्यांसकट. इळ्यानं. चुलीपुढे. पोरगी त्याच्यावर बसून. पेरणीपासून येळवसेपर्यंत एवढे दिवस त्या घरात रोज काय काय झालं नव्हतं हे माझ्यासमोर एकदम उभं राहिलं. मी बिदरमध्ये या काळात काय करत होतो? दप्तरं तपासत होतो. पान खात होतो. कोपीपाशी गोवऱ्या पेटल्या. धूर सरळ वर गेला.

"अक्का," मी म्हणालो, "ज्या वाटंनं आलाव त्याच वाटंनं चला. माझ्या पायावर पाय ठिवून." तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पदर खोचला. मला पळता आलं नाही. एकेक पाऊल बघून ठेवत मी परत आलो, ती सत्तर-ऐंशी पावलं मला अजून पायांत आठवतात. कोपीत वाकलो, हावगेप्पाच्या कानाशी गेलो आणि सांगितलं की अप्पा, त्यातला एक दगड नाही. म्हाताऱ्यानं पांडवांकडे बघितलं. चौथा आणि पाचवा यांत त्याची नजर थोडी फिरली आणि पाचव्यावर थांबली. आठ वर्षं त्यानं घरात बसून ते आवाज ऐकले होते. "ह्ये त्ये हाय व्हय," तो म्हणाला. एवढंच. मग त्यानं मान उचलली आणि बाहेर रोजच्या आवाजात म्हणाला, "शरण्या, समद्यास्नी बांधावर घेऊन जा. बाभळीखाली. साब कायतरी सांगणार हाईत म्हण. जेवण हितंच ऱ्हाऊ दे. वाटंनंच जा, रानात कुणी घुसू नगा." कुणीतरी म्हणालं, दूध आत्ताच ठेवलंय. म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ दे म्हणलं न्हवं?" माणसं उठली. कुरकुरत, हसत, पोरं कडेवर घेत ओळीनं निघाली. बसव्वा जाता जाता पाचव्या पांडवावर हात ठेवून त्याच्या पाया पडली. मी तो हात वर उचलला जाईपर्यंत श्वास घेतला नाही.

राहिलो आम्ही दोघे. "तुमी बी जावा साब," हावगेप्पा म्हणाला, "मला उचलाय माणसं लागत्यात." मी त्याच्यापुढे पाठ करून बसलो. त्यानं गळ्याभोवती हात टाकले. पिसासारखा हलका असेल असं मला वाटलं होतं, पण तो भरपूर जड होता, जिवंत माणसाएवढा जड. त्याच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी माझ्या मणक्यावर टोचत होती. उठताना माझा पाय द्रोणाला लागला, द्रोण लवंडला, आंबील पांडवांच्या बुडापर्यंत वाहत गेली. मी वर बघितलं नाही. "हळू," म्हातारा कानात म्हणाला. "घाई करू नगा. आता घाई करून काय हुणार हाय?" त्याच्या श्वासाला हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेचा वास येत होता. मला रडू यायला लागलं आणि दोन्ही हात त्याच्या मांड्यांखाली असल्यामुळे तोंड पुसता येईना.

बाभळीखाली सगळी बसली होती. मी म्हाताऱ्याला शरणप्पाच्या घोंगड्यावर ठेवला आणि सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं. गोळा आहे, जिवंत असू शकतो, कुणी जवळ जायचं नाही, पलटणीला कळवतो. भागम्मानं पोरीला ओढून मांडीत घेतलं आणि तिच्या केसांवरून, पाठीवरून, पायांवरून हात फिरवायला लागली, जशी ती आत्ताच कुठून तरी पडून आली आहे. बाकी कुणी हललं नाही. समोर कोपी होती, आत पाच पांढरे ठिपके, बाहेर धूर. फुटेल असं वाटत होतं आणि फुटत नव्हतं. थोड्या वेळानं एक म्हातारी म्हणाली, "कुटं काय, गप तर हाय." कुणीतरी हलकं हसलं. माणसांत जीव आला. कुणी तंबाखू काढली. मलाही वाटलं, निभलं. हवालदारानं सांगितलं तसं मी वस्तू हटवली नाही, माणसं हटवली. शरणप्पा उठून म्हणाला, "बैलं तरी सोडून आणतो की, गाडीपशी बांधल्याली हाईत," आणि बांधावरून खाली उतरू लागला.

तेव्हा हावगेप्पानं विचारलं. माझ्याकडे न बघता, कोपीकडे बघत. "साब, ही बाभूळ रेघंच्या अलीकडं हाय का पलीकडं?"

सरळ रेघ धरण्यासाठी मी जिच्याकडे बोट केलं होतं तीच ही बाभूळ. तिच्या बुडाशी बाविसाव्या दगडाची जागा. मागे ओढा, तिथे साठ गोळे उडवलेले. पुढे चार एकर, जे कुणी बघितलेले नाहीत. आणि मधे माझी नजर. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि 'अलीकडं' हा शब्द जिभेवर तयारच होता, कचेरीच्या आवाजात. निशानदेही मुकम्मल. पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. मला हेही दिसलं की हा शब्द म्हटला की सगळे पाय मोकळे सोडून बसतील.

"अप्पा," मी म्हणालो, "मला ठाव न्हाई. ही चार दगडं म्या अंदाजानं ठिवलाव. हितली माती कुणीच बघितल्याली न्हाई."

सोळा दिवस म्हातारा माझ्यासमोर काठी टेकून बसायचा तसाच बसून राहिला. बायकांनी पाय पोटाशी घेतले, एकीचं बघून दुसरीनं, कुणी न सांगता. कोपीपाशी मडकं उतू गेलं. चर्र आवाज झाला, करपल्या दुधाचा वास बांधापर्यंत आला, पण दूध कुठल्या बाजूला सांडलं ते बघायला तिथे कुणी नव्हतं.

शरणप्पा बांधाच्या उतारावर होता. एक पाय खाली टेकलेला, दुसरा पुढे टाकायला उचललेला, आणि हातानं त्यानं बाभळीची फांदी धरली होती, काट्यांसकट. तो तसाच मान वळवून माझ्याकडे बघत होता. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"साब," तो म्हणाला, "पाय कुठं ठिवू?"